उक्ती फी आणि सूनबाईंचं नाव

मैत्रिणींनो, दुधाची वही तुमच्याही घरी असेलच. आमच्याकडे तिच्याशेजारी आणखी एक वही असायची, ऑफिसची. आमचे हे तालुक्याच्या दिवाणी कोर्टात वकील. घराची पुढची खोली म्हणजेच ऑफिस. तिथला जमाखर्च लग्नानंतर वर्षभरात माझ्याकडे आला, तो आजतागायत. वहीची जागा आता मुलानं बसवून दिलेल्या संगणकानं घेतली आहे. बिलं, पावत्या, थकबाकी सगळं त्यात. चष्मा पुसत पुसत शिकले झालं!

अमेरिकेतल्या मोठ्या वकिली कंपन्या तासावर बिल लावतात. सहा-सहा मिनिटांची नोंद ठेवतात म्हणे. आपल्याकडे बहुतेक कारभार उक्ता. वकीलपत्र देतानाच 'या दाव्याचे इतके' असं ठरतं आणि पक्षकार ते हप्त्यांनी देतो. मग दावा दोन वर्षं चालो की दहा, रक्कम तीच. 'जिंकलो तर इतके टक्के' असं ठरवायला तर बार कौन्सिलच्या नियमांनी मनाईच आहे.

आमची सूनही वकील. स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदा १९२३ साली झाला. शंभर वर्षं उलटून गेली, आणि आमच्या घरात काय चाललं होतं ते ऐका. दाव्याचा मसुदा ती लिहायची, साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र ती तयार करायची, तेही रात्रीची झाकपाक आटोपल्यावर. कोर्टात उलटतपासणी आणि युक्तिवाद यांचा.

गेल्या मार्चअखेरीला मी संगणकातून वकीलनिहाय फीचा तक्ता काढला. यांच्या नावापुढे भलीमोठी रक्कम. सूनबाईंच्या नावापुढे? तीन नोटिशींचे ४,५०० रुपये. वर्षभराचे!

संगणक खोटं बोलला नव्हता. मीच त्याला तसं भरवलं होतं. प्रत्येक दाव्याची उक्ती फी मी एकाच ओळीत लिहायची आणि वकिलाच्या रकान्यात यांचं नाव. पक्षकार यांच्याकडे आला ना, मग झालं! सूनबाई म्हणाली, "आई, राहू द्या. घरचंच तर आहे." हे वाक्य मी स्वतः किती वर्षं म्हणत आले, ते माझं मला ठाऊक. पण आदल्याच महिन्यात तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि माहेरी पैसे पाठवायला तिला यांच्यापुढे उभं राहून मागावे लागले होते. ते मला आठवलं आणि घास गिळवेना.

यांच्याकडे विषय काढला. "अगं, पक्षकार माझ्या नावावर येतो," हे म्हणाले. त्यातही खोटं नव्हतं. म्हणून तिघं बसलो आणि फीचे तुकडे पाडले. उदाहरण सांगते. दाव्याचे ४०,००० ठरले, तर पक्षकार आणल्याचे ४,००० यांचे. मसुद्याचे १०,००० आणि प्रतिज्ञापत्राचे ६,००० सूनबाईंचे. उलटतपासणीचे १२,००० आणि युक्तिवादाचे ८,००० यांचे. म्हणजे तिचे १६,००० नि यांचे २४,०००. संगणकात आता एका ओळीऐवजी पाच ओळी, आणि प्रत्येक ओळीपुढे काम करणाऱ्याचं नाव. पक्षकाराच्या बिलावर मात्र एकच आकडा.

हप्ता येईल तोही त्याच प्रमाणात वाटायचा. २५,००० आले तर तिला १०,००० आणि यांना १५,०००. कोर्ट फी, नकला, टायपिंग यांचे पैसे यात मिसळायचे नाहीत. फीचे किती आणि खर्चाचे किती हे तारखेसह वेगळं दाखवावं, असा वकिलांना नियमच आहे.

आणखी एक केलं. तास लिहायला लागलो, पण दर शून्य ठेवून. त्यानं बिल एका पैशानं वाढत नाही, कुणाचा किती वेळ गेला ते मात्र दिसतं. एका वाटपाच्या दाव्याच्या कागदपत्रांत सूनबाईंचे ३१ तास गेलेले बघून हे बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पुढच्या वाटपाच्या दाव्याची फी तिला विचारून ठरवू." जन्मात पहिल्यांदा!

लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. कुणाच्या कामाचे किती, यावर अजून खटके उडतात. उलटतपासणी मोठी की मसुदा, यावर परवाच आमटी गार झाली. पण पहिला हप्ता सूनबाईंच्या स्वतःच्या खात्यात जमा झाला, तेव्हा आईच्या चष्म्याचे पैसे तिनं कुणालाही न विचारता पाठवले. मला नंतर सहज म्हणून सांगितलंन्.

तुमच्याकडे वकिली नसेल. दुकान असेल, दवाखाना असेल, शिकवणीचे वर्ग असतील. "घरचंच तर आहे" म्हणत तुम्ही किंवा तुमची सून तिथं राबत असालच. आज दुपारी जरा निवांत झालात की ती हिशेबाची वही काढा. बेरीज राहू दे बाजूला. नावांचा रकाना तेवढा एकदा वाचून बघा.