गाद्यांचा वर्षाव

तोक्यो शहराच्या पूर्व भागात, सुमिदा नदीच्या काठी, र्‍योगोकु कोकुगिकान नावाचे विशाल सभागृह आहे. जपानी सुमो संघाने ते 1985 साली खुले केले. सुमाराला दहा-अकरा हजार माणसे त्यात बसतात. परंतु खालच्या भागात खुर्च्या नाहीत. तेथे कठड्यांनी आखलेले चौकोन असून प्रत्येक चौकोनात चार माणसांसाठी चार चौकोनी गाद्या मांडलेल्या असतात. जपानी भाषेत या गादीला झाबुतोन म्हणतात. एखाद्या खालच्या मानाच्या मल्लाने योकोझुनाला, म्हणजे सर्वोच्च पदावरील महामल्लाला, रिंगणाबाहेर ढकलले की प्रेक्षक आपल्या बुडाखालची गादी उचलतात आणि आखाड्याच्या दिशेने भिरकावतात. असे करू नये, कुणाला इजा होईल, अशी विनंती ध्वनिवर्धकावरून केली जाते. प्रेक्षक ती ऐकतात आणि गाद्या फेकतात. सत्तेची उतरंड डोळ्यांदेखत कोसळल्याचा जो आनंद माणसाला होतो, त्याला शब्द अपुरे पडत असावेत. हाताशी जे असेल ते हवेत जावे लागते.

11 ऑगस्ट 1991 रोजी याच सभागृहात अशा गाद्या उडाल्या. त्या दिवशी तेथे सुमो नव्हता. दोरांनी वेढलेल्या चौकोनी मंचावर न्यू जपान प्रो-रेसलिंग या कंपनीच्या व्यावसायिक कुस्त्या चालू होत्या. ज्या कुस्तीला जाणकार कुस्ती मानीत नाहीत, जिचा निकाल आधी ठरलेला असतो असे सारेच जाणतात किंवा जाणूनही बोलत नाहीत, तिच्यासाठी प्रेक्षकांनी सुमोचा हा जुना मान उधळला, ही गोष्ट थांबून विचार करण्यासारखी आहे.

त्याच जागी याच कंपनीने साडेतीन वर्षांपूर्वी प्रेक्षकांचे वेगळे रूप पाहिले होते. 27 डिसेंबर 1987 रोजी कंपनीचा संस्थापक अंतोनिओ इनोकी आणि रिकी चोशू यांची लढत पाहण्यासाठी लोक आले असता, ऐन वेळी व्हेडर नावाचा अवाढव्य अमेरिकन मल्ल मध्ये घुसवण्यात आला. काही मिनिटांतच इनोकी हरला. तोही एक धक्कादायक निकालच होता. पण लोक आनंदले नाहीत, भडकले. वस्तू फेकल्या गेल्या, नासधूस झाली आणि पुढे काही काळ कोकुगिकानचे दरवाजे या कंपनीला बंद झाले. प्रेक्षकाला कुणीतरी आपल्याला फसवले असे वाटणे आणि कुणीतरी आपल्याला चकित केले असे वाटणे, यांत अंतर फार थोडे असते. पण ते असते.

1991 च्या उन्हाळ्यात कंपनीने एक नवी स्पर्धा आखली. तिचे नाव जी-वन क्लायमॅक्स. आठ मल्ल, दोन गट, प्रत्येकाने गटातील प्रत्येकाशी लढायचे आणि दोन्ही गटांचे विजेते अंतिम फेरीत भिडायचे. पहिला दिवस नागोयाला, शेवटचे तीन दिवस सलग कोकुगिकानमध्ये. एका गटात तात्सुमी फुजिनामी, व्हेडर, स्कॉट नॉर्टन आणि केइजी मुतो. दुसऱ्यात चोशू, बॅम बॅम बिगेलो, शिन्या हाशिमोतो आणि मासाहिरो चोनो. फुजिनामी त्या वेळी कंपनीचा विजेतेपदधारक होता. चोशू 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये दक्षिण कोरियातर्फे लढलेला, खऱ्या कुस्तीच्या मातीतून आलेला. परदेशी मल्ल आकारानेच भीती घालणारे. या नावांत चोनोचे नाव कुणी शेवटी वाचले असेल तर त्यात आश्चर्य नव्हते.

चोनोचा जन्म 1963 साली अमेरिकेतील सिअ‍ॅटलचा, वाढ तोक्योतील. 1984 मध्ये त्याच्याबरोबर मुतो आणि हाशिमोतो हेही कंपनीच्या तालमीत दाखल झाले. त्या वर्षी 5 ऑक्टोबरला चोनोने पहिली कुस्ती केली ती मुतोशी. मुतोचीही ती पहिलीच होती. मुतो जिंकला. पुढे या तिघांना मिळून ‘लढाऊ बाण्याचे तीन शिलेदार’ अशा अर्थाचे नाव पडले, तरी तिघांत उजेड सारखा पडला नाही. मुतो देखणा, चपळ; दोरांच्या वरच्या टोकावरून मागे उलटी घेत प्रतिस्पर्ध्यावर कोसळणारा, अमेरिकेत ‘ग्रेट मुता’ म्हणून नाव कमावून आलेला. हाशिमोतो धिप्पाड, त्याच्या लाथांचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत पोहोचावा असा. चोनोजवळ यांपैकी काही नव्हते. त्याच्याजवळ एक डाव होता. गुडघ्याजवळ पाय अडकवून, पाठीवर झेप घेऊन, दोन्ही हातांनी चेहरा मागे ओढायचा हा डाव त्याने लू थेझ या वृद्ध अमेरिकन महामल्लाकडून घेतला होता. 1990 च्या डिसेंबरात चौऱ्याहत्तर वर्षांचा थेझ आपल्या अखेरच्या कुस्तीसाठी मंचावर उतरला तो या शिष्याशी लढायला, आणि शिष्याने गुरूचाच डाव गुरूवर लावून त्याला निरोप दिला. या डावात देखणे असे काही नाही. तो हळूहळू आवळत जातो, एवढेच.

नागोयाला पहिल्याच दिवशी चोनोने चोशूला हरवले. मग चोशू हरतच गेला. तिन्ही कुस्त्यांत त्याला एकही गुण मिळाला नाही. हाशिमोतोशी चोनोची लढत अर्धा तास चालून बरोबरीत सुटली. दोघांचे गुण समान झाले, म्हणून शेवटच्या दिवशी त्यांना पुन्हा लढावे लागले. चोनोने ती कुस्ती जिंकली आणि हाशिमोतोच्या लाथा खाऊन दुखावलेले तेच शरीर घेऊन तो अंतिम फेरीसाठी पुन्हा मंचावर आला. समोर मुतो होता, ताजातवाना. सभागृहाचा कल कुणाकडे असेल हे सांगायला नको. कुस्ती लांबली, आणि अखेर चोनोने मुतोला खांद्यापर्यंत उचलून पाठीवर आपटले आणि दाबून धरले. पंचाचा हात तिसऱ्यांदा जमिनीवर पडला. त्यानंतर गाद्या उडू लागल्या. पांढऱ्या मंचावर त्या एकामागून एक येऊन पडत होत्या.

येथे एक शंका उपस्थित होते आणि ती टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपल्याकडे ठरवून खेळलेल्या कुस्तीला नुरा कुस्ती म्हणतात आणि राजकारणातल्या लढायांनाही आपण तेच नाव देतो. जपानीत त्यासाठी याओचो हा शब्द आहे. चोबेई नावाचा एक भाजीवाला सुमोच्या एका वजनदार गिऱ्हाइकाशी गो हा पटावरचा खेळ खेळताना मुद्दाम हरत असे, त्यावरून हा शब्द आला असे सांगतात. मग कोकुगिकानमधला तो विजयही भाजीवाल्याचा पराभवच म्हणायचा काय? 2001 साली न्यू जपानच्याच एका माजी पंचाने पुस्तक लिहून या धंद्याची आतली यंत्रणा उघड केली. तेव्हापासून अज्ञानाची सबब उरली नाही. त्या उन्हाळ्यात कुणी कुणाशी लढायचे आणि कुणी पडायचे, हे ठरवण्याची मुख्य जबाबदारी एका माणसावर होती. तो माणूस म्हणजे रिकी चोशू.

हे कळल्यावर त्या शून्य गुणांचा अर्थ पालटतो. इनोकी 1989 मध्ये राज्यसभेसारख्या वरिष्ठ सभागृहावर निवडून गेला होता आणि कंपनी चालवण्याचा भार इतरांवर आला होता. चोशू एकोणचाळीस वर्षांचा होता. हाती लेखणी असलेल्या माणसाने स्वतःला नायकाची भूमिका द्यावी, हा या धंद्यातला जुना रिवाज. नाटक कंपन्यांच्या मालकांनाही तो अपरिचित नव्हता. चोशूने स्वतःचे पतन लिहिले, तेही आठांत तळाचे, आणि अखेरच्या दिवशी मंच तीन तरुणांच्या स्वाधीन केला. रोलाँ बार्थने व्यावसायिक कुस्तीवरील आपल्या प्रसिद्ध निबंधात तिला खेळ न मानता दृश्यसोहळा मानले. ते मान्य करूनही एक गोष्ट शिल्लक राहते. नाटकाच्या प्रेक्षकाला नाटककार कोण हे ठाऊक असते. येथे नाटककार हरणाऱ्यांच्या रांगेत उभा होता आणि प्रेक्षकाला ते ठाऊक नव्हते. निकाल ठरलेला होता, चकित होणे ठरलेले नव्हते. चोशूची आखणी 1987 प्रमाणे त्याच्यावर उलटू शकली असती, आणि त्या वेळी गाद्यांऐवजी दुसरे काही मंचावर आले असते.

शिवाय शरीर खोटे बोलत नाही. 1992 मध्ये चोनोने ही स्पर्धा पुन्हा जिंकली. पण त्याच वर्षी सप्टेंबरात स्टीव्ह ऑस्टिनशी लढताना त्याचे डोके मंचावर आदळले आणि मानेला जी दुखापत झाली ती त्याला कायमची चिकटली. पुढे त्याने आपली कुस्ती बदलली, काळा पोशाख घातला, खलनायक झाला. 1998 साली कंपनीचे मुख्य विजेतेपद मिळाले, तेही दुखण्यामुळे एकदाही न राखता सोडावे लागले. ऑगस्ट महिना मात्र त्याचाच राहिला: 1994, 2002 आणि 2005. पाचव्या विजयाच्या महिनाभर आधी, 11 जुलै 2005 रोजी, हाशिमोतो मेंदूतील रक्तस्रावाने वारला. तो चाळीस वर्षांचा होता.

तिघांचे दोघे उरले. 21 फेब्रुवारी 2023 रोजी तोक्यो डोममध्ये मुतोने निवृत्तीची कुस्ती केली. दोन्ही गुडघ्यांचे सांधे कृत्रिम, वय साठ. तरुण तेत्सुया नाइतोने त्याला हरवले आणि सोहळा संपला असे सर्वांना वाटले. तेवढ्यात मुतोने ध्वनिक्षेपक मागितला. आपले एक काम राहिले आहे, असे म्हणून त्याने समालोचकांच्या जागेकडे पाहिले. तेथे चोनो बसला होता. अनेक वर्षे कुस्ती न केलेला, एकोणसाठ वर्षांचा. तो उठून हळूहळू मंचाकडे आला. पंच म्हणून निवृत्त झालेल्या टायगर हात्तोरीला बोलावण्यात आले. घंटा वाजली. फार वेळ लागला नाही. चोनोने थेझचा तो जुना डाव लावला आणि 1984 साली पहिल्या कुस्तीत त्याला हरवणाऱ्या मुतोने हाताने मंच थोपटून हार मान्य केली.