बागचा लाल

आमच्या घरात लाल म्हटलं की बागचा लाल. जरा विटकरी झाक असलेला, डोळ्यांत न खुपणारा. इंदूरच्या आम्हा मराठी मंडळींकडे माहेश्वरी साडी सणावाराची आणि बाग छापाची चादर रोजच्या वापराची. बाग हे गाव धार जिल्ह्यात, बाग नावाच्याच नदीकाठी. भित्तिचित्रांसाठी प्रसिद्ध असलेली बाग लेणी तिथून जवळच. बागचे छपाई करणारे खत्री मूळचे सिंधचे. ते आसपासच्या भिल्ल-भिलालांची लुगडी आणि घागरे छापत. गिरणीचं स्वस्त कापड आलं आणि हे गिऱ्हाईक तुटायला लागलं, तेव्हा इस्माईल सुलेमानजी खत्री यांनी पांढऱ्या जमिनीवर लाल-काळ्या नक्षीच्या चादरी आणि साड्या छापल्या. आईच्या पलंगापर्यंत ही नक्षी पोचली ती त्यामुळे.

लहानपणी दुपारी झोप आली नाही की मी त्या चादरीवरचे बुट्टे बोटाने गिरवत पडून राहायचे. लग्नानंतर ती माझ्याबरोबर पुण्याला आली. मुलगी झाली तोवर कापड इतकं मऊ झालं होतं, की आईने त्यातूनच दुपटी बेतली. काठ विरले, पण लाल तसाच राहिला.

तो का टिकला, हे बागला गेल्यावर कळलं. हिरड्याच्या पाण्यातून काढलेलं कापड पिवळसर दिसत होतं. हिराकशीच्या खळीत बुडवलेला सागवानी ठसा त्यावर टेकला, कारागिराने मुठीने एक ठोका दिला आणि हिरड्याशी गाठ पडताच रेघ काळी पडली. लालाचं मात्र तसं नाही. तुरटी आणि चिंचोक्याची खळ कापडावर फिकी, मळकट दिसते. कारागीर छापतो ती फक्त लालाची जागा. पुढे कापड नदीच्या वाहत्या पाण्यात धुतात, कारण साचलेल्या पाण्यात सुटलेला रंग परत कापडावरच बसतो. मग तांब्याच्या मोठ्या भांड्यात धावडीच्या फुलांबरोबर ते उकळतात. पूर्वी या भागात लाल रंग आल या झाडाच्या मुळांतून काढत, आता अलिझरिन वापरतात. काठीने कापड वरखाली होत होतं, आणि जिथे तुरटी होती तिथेच हळूहळू लाल उमटत होता. मी भट्टीच्या धगीत उभी राहिले, हलवेना.

म्हणून बाजारात ‘बाग’ म्हणून विकली जाणारी मशीनछाप चादर पाहिली की जीव तुटतो. तिचा रंग कापडावर नुसता बसलेला असतो. आणि नदीचं पाणी आटलं, नासलं, तर खरा लालही मिळणार नाही, ही काळजी वेगळीच.

पुण्यातल्या प्रदर्शनात कुणी बागच्या चादरीसाठी घासाघीस करायला लागलं, की मी ओळख नसताना मध्ये पडते. हिरडा, तुरटी, नदी, भट्टी, सगळं सांगते. परवा एका काकूंनी ऐकून घेतलं, चादर उलटी करून पाहिली आणि दोन घेतल्या.