दापोडीची होडी

मुळा आणि पवना यांचा संगम दापोडीस होतो. सुमारें १९७० सालीं, मी शाळकरी असतांना, पाहुणे आले कीं आमचे काका त्यांस एका ओळखीच्या होडींतून संगम दाखवावयास नेत. प्रवाहाविरुद्ध जातांना आम्हीं मुलांनीं कांठावरून दोर ओढावा, पाहुण्यांनीं स्वस्थ बसावें, असा शिरस्ता होता.

एकदां ताईचे यजमान प्रथमच आले असतां फळीची सांध सुटून होडींत पाणी शिरूं लागलें. काकांना वल्हें सोडतां येईना. तेव्हां जांवईबुवांनीं धोतराचा काचा मारला व फराळाच्या तांब्यानें पाणी उपसावयास आरंभ केला. आत्याबाईंनीं सुकाणूं धरलें. आम्हीं दोर ओढून होडी कांठास आणली. काका ओशाळून म्हणाले, "आपणांस फार श्रम पडले."

"काका, आजवर मी पाहुणा होतों, आज घरचा झालों," ते हंसून उत्तरले.

आतां त्या पात्रांत जलपर्णी माजते. तथापि दापोडीच्याच कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्यें सैनिक नौकानयन शिकतात. तेथें तयार झालेले दत्तू भोकनळ यांनीं २०१८ सालीं पालेंबांग येथें आशियाई स्पर्धेंत तिघां सोबत्यांसह सुवर्णपदक मिळविलें. चौघांचीं वल्हीं एका तालावर पडल्यावांचून तसली नौका सरळ जात नाहीं.

अतिथीस देव मानावें हें खरेंच. परंतु प्रसंगीं त्याच्या हातीं वल्हें द्यावें, यांत आपुलकी अधिक आहे.