घोडा आपला, पण टाचेला काटा कशाला?

गेल्या उन्हाळ्यात डोंगरकड्याला आमच्या वस्तीतली एक वरात निघाली. नवरदेव शिकलेला, चळवळीतला. वरात घोड्यावरूनच काढायची आणि तीही गावच्या मुख्य रस्त्याने, हा त्याचा हट्ट. आम्हीही त्याच्याच बाजूने होतो.

कारण या देशात घोड्यावर कोणी बसायचं हे जात ठरवत आली आहे. मार्च २०१८ मध्ये गुजरातच्या भावनगर जिल्ह्यातल्या टिंबी गावच्या एका दलित तरुणाचा खून झाला. घोडा पाळला आणि त्यावर बसला म्हणून मारलं, असं त्याच्या वडिलांनी सांगितलं. त्याच वर्षी उत्तर प्रदेशात कासगंज जिल्ह्यातल्या निजामपूरला वरात नेण्यासाठी एका दलित नवरदेवाला कोर्टाची पायरी चढावी लागली. शेवटी वरात निघाली ती पोलीस बंदोबस्तात. म्हणून आपला पोरगा घोड्यावर बसला की वस्तीतल्या म्हाताऱ्यांचे डोळे भरून येतात. त्या पाण्याची किंमत आम्हाला माहीत आहे.

पण त्या दिवशी आणखी एक गोष्ट दिसली. नवरदेवाच्या मित्रांनी फोटोत रुबाब दिसावा म्हणून ऑनलाइन टाचेचे काटे मागवले होते. बुटाला मागून बांधायचे, चकचकीत, टोकदार. पोरगा आयुष्यात पहिल्यांदा घोड्यावर बसलेला. डीजे सुरू झाला, घोडी बिचकली. पोराने भीतीने पाय आवळले, तसे दोन्ही काटे तिच्या बरगडीत रुतले. ती पुढे उसळली, तसा त्याने लगाम खेचला. लगाम म्हणतो थांब, काटा म्हणतो पळ. जनावराने ऐकायचं कुणाचं? ती मागच्या पायांवर उभी राहिली. घोडेवाल्याने कसंबसं आवरलं म्हणून कुणी तुडवलं गेलं नाही. खाली उतरल्यावर बघितलं, तर पांढऱ्या अंगावर दोन्हीकडे लाल ठिपके.

आम्ही काटे काढायला लावले. तेव्हा एक कार्यकर्ता भडकला. "सर, शेकडो वर्षं त्यांनी टाचा मारल्या तेव्हा कुणाला दया आली नाही. आपण चढलो की लगेच प्राणिदया?"

प्रश्न खोटा नाही. प्राणिदयेच्या नावाने आपल्याला काय काय भोगावं लागलं ते आपण विसरलेलो नाही. जुलै २०१६ मध्ये उनाला मेलेल्या गायीचं कातडं काढणाऱ्या आपल्या भावांना गोरक्षकांनी उघडं करून मारलं. गाय पवित्र आणि माणूस अपवित्र, अशी ही दया. ती आम्हाला नकोच. पण त्यांची दया ढोंगी निघाली म्हणून आपण करुणा सोडायची का? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. ती कुणा गोरक्षकाकडून उसनी घेतलेली नाही.

मग काटा कधीच वापरू नये का? जाणकार स्वार सांगतात की काटा शिक्षेसाठी नसतो, बारीक इशाऱ्यासाठी असतो. अंगावर माशी बसली तरी घोडा कातडी थरथरवतो, एवढा तो हळवा. ज्याचा पाय घोडा उसळला तरी जागचा हलत नाही, त्यानेच काटा बांधावा. आणि ज्याचा पाय इतका स्थिर, त्याचं काम बहुतेक वेळा नुसत्या पोटरीच्या दाबाने भागतं. म्हणजे ज्याला काट्याची गरज वाटते, नेमकी त्याचीच तो बांधायची लायकी नसते. वरातीत पहिल्यांदा बसणाऱ्याने तर तो हातातही धरू नये.

कायदाही हेच सांगतो. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी केंद्र सरकारचे १९६५ चे नियम आहेत. जनावर हाकताना किंवा त्यावर स्वार होताना खिळ्याची काठी, काटेरी लगाम, इजा करणारं कुठलंही टोकदार साहित्य वापरायला त्यांत मनाई आहे. आपल्याकडची आर लावलेली पराणीही त्यातच आली. ती बैलावर कोण चालवतो? बहुतेकदा सालगडी, ज्याला मालकाची बोलणी बसतात. वरून बसलेला टोचा खाली द्यायचा, हीच तर या व्यवस्थेची रीत. ती आपण घोड्यावर बसून चालू ठेवायची का, एवढाच आमचा सवाल आहे.

अंगुत्तर निकायात पतोद सुत्त आहे. पतोद म्हणजे पराणी. भगवान तिथे चार जातिवंत घोडे सांगतात. एक पराणीची सावली दिसताच जागा होतो. दुसरा केसांना टोचल्यावर, तिसरा कातडीला टोचल्यावर, चौथा हाडापर्यंत गेल्यावर. माणसंही तशीच. एकाला दूर गावी कुणी दुःखात आहे, मेलं आहे, हे ऐकूनच जाग येते. दुसऱ्याला ते डोळ्यांनी बघावं लागतं, तिसऱ्याला आपल्या नात्यात घडावं लागतं, चौथ्याला स्वतःच्या अंगावर यावं लागतं. सुत्त माणसाच्या जागं होण्याविषयी आहे, घोडा कसा हाकावा याविषयी नाही, हे कबूल. पण कार्यकर्त्याने ते स्वतःला लावून बघावं. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजी घडली, तेव्हा आपल्यातले किती जण सावलीला जागे झाले आणि किती जण अजून हाडाला टोचण्याची वाट बघताहेत? परक्याचं दुःख ऐकून जागं व्हायची सवय एका जातीपुरती, एका जीवापुरती ठेवता येत नाही.

पुढच्या रविवारी विहारात बैठक घेतली. घोडा घ्यायचा नाही असं ठरवलं नाही. ज्याला हौस आहे त्याने जरूर घ्यावा, मुख्य रस्त्यानेच न्यावा. पण ठरवण्याआधी त्याचं तोंड आणि बरगड्या बघाव्यात. काटेरी लगाम नको, टाचेला काटा नको. डीजेपासून अंतर ठेवावं. भर उन्हात वरात नको, वाटेत पाणी पाजावं. घोडेवाला आपल्यासारखाच हातावर पोट असलेला. त्याच्यावर डाफरू नये, ठरलेले पूर्ण पैसे द्यावेत.

भडकलेला कार्यकर्ता बैठकीला आला होता. सगळं ऐकून म्हणाला, "माझ्या लग्नाला मी आधी महिनाभर बसायला शिकतो." त्याचं लग्न डिसेंबरात आहे. वरात मुख्य रस्त्यानेच निघेल.

जयभीम!