बसते आणि जुळते

मराठीत ‘जुळणे’ हे क्रियापद बरेच काही एकट्याने सांभाळते. पत्रिका जुळतात, यमके जुळतात, हिशेब जुळतो; सुटे भाग जोडून यंत्र उभे करण्यालाही आपण जुळणीच म्हणतो. गॅरेजमध्ये मात्र ‘हे याच्याशी जुळते का?’ असे कोणी विचारत नाही. तिथला प्रश्न ‘हे याला बसेल का?’ असा असतो. या दोन क्रियापदांत केवढे अंतर आहे, हे मला एका जुन्या जीपसाठी गिअरबॉक्स शोधण्यात गेलेल्या हिवाळ्याने शिकवले.

जीप वडिलांनी 1994 साली घेतलेली. इंजिनाचा जोर तिच्या फक्त मागच्या दोन चाकांना मिळतो. थोरला भाऊ गावी शेती पाहतो. डांबरी रस्त्यापासून आमच्या वाडीपर्यंत दीड किलोमीटरचा लाल मातीचा चढ आहे, आणि मृगाचा पाऊस पडला की तो या जीपला चढू देत नाही. दिवाळीपर्यंत ती खाली डांबरीलगतच्या पडवीत उभी असते. गेल्या श्रावणात एका रात्री वहिनींच्या छातीत कळा येऊ लागल्या, तेव्हा चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून, कंदिलाच्या उजेडात, त्या चिखलातून खाली आणले. त्या वाचल्या. परंतु घरी आल्यावर दादाने एकच वाक्य उच्चारले, “अण्णांच्या जीपची पुढची चाकंही चालती करायची.” जीप विकण्याचा विषय त्याच्यासमोर निघू शकत नाही, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

पुढची चाके चालती करायची म्हणजे ट्रान्सफर केस हवा. गिअरबॉक्सकडून आलेला जोर पुढच्या आणि मागच्या ॲक्सलकडे वाटून देणारी ही दंतचक्रांची पेटी. आपल्याकडच्या जुन्या जीपगाड्यांत दिसतो तो बहुधा ‘डाना 18’. त्याचे कूळ थेट दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपपर्यंत जाते. पुढे मुंबईत महिंद्रने विलीस जीपची जुळणी सुरू केली आणि ही पेटी आपल्या घाटरस्त्यांवर आली. युद्धातल्या विलीसमध्ये तिची खालची पट्टी वेग 1.97 पटीने उतरवत असे. नंतरच्या नागरी जीपमध्ये हा आकडा 2.46 झाला. तीन वेगांच्या ‘टी-90’ गिअरबॉक्सचा पहिला गिअर 2.8 आणि ॲक्सल 5.38 धरला, तर या तिन्हींचा गुणाकार 37 भरतो. इंजिनाच्या 37 फेऱ्यांत चाकाची एक फेरी. चिखलाचा चढ चढतो तो या सावकाशपणामुळे.

तालुक्याच्या गावचे आमचे मिस्त्री साठीचे आहेत. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, “सर, बसवता काहीही येतं. लेथवर पाठवलं की बसतं. पण आधी सांधे मोजा.” त्यांनी चार सांधे मोजून दाखवले.

पहिला सांधा इंजिन आणि गिअरबॉक्स यांचा. बेल हाउसिंगची भोके जमली तरी भागत नाही. गिअरबॉक्सच्या पुढच्या दांड्यावरच्या उभ्या खाचा क्लच प्लेटच्या खाचांत उतरल्या पाहिजेत, आणि त्या दांड्याचे टोक इंजिनाच्या बाजूच्या छोट्या बेअरिंगमध्ये नेमके पोचले पाहिजे. टोक आखूड पडले, तर दांडा आधाराविना फिरतो. लांब झाले, तर पेटी बसतच नाही.

दुसरा सांधा गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांचा, आणि सगळी ग्यानबाची मेख इथे आहे. आमच्या जीपच्या गिअरबॉक्सचा मागचा दांडा प्रॉपेलर शाफ्टला जोर देण्यासाठी घडलेला. डाना 18 ला मात्र त्या दांड्यावर आपले चक्र चढवायचे असते. त्यासाठी दांड्याची लांबी वेगळी, खाचा वेगळ्या, मागच्या तोंडाची भोकेही वेगळी. म्हणून गिअरबॉक्स एका गाडीचा आणि ट्रान्सफर केस दुसरीचा, असा संसार मांडू नये. दोन्ही एकाच गाडीतून, एकमेकांना बोल्टने आवळलेल्या अवस्थेतच उचलावेत, असे मिस्त्रींचे मत.

हा सांधा टाळण्याची एक वाट मी त्यांना सुचवली होती. मारुतीच्या जिप्सीचा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो. दोहोंच्या मध्ये एक आखूड शाफ्ट असतो. मग तो कोणत्याही गिअरबॉक्समागे का लावू नये? मिस्त्रींनी बोटांवर हिशेब केला. जिप्सीची पेटी वरच्या पट्टीतही जोर सरळ एकास एक सोडत नाही. तिथेच ती वेग सुमारे दीडपट उतरवते. जिप्सीचे बाकीचे गणित हे धरूनच बेतलेले असते. आमच्या ॲक्सलच्या 4.88 ला ती गुणली, तर आकडा पावणेसातच्या पुढे जातो. चढ चढेल, पण डांबरीवर इंजिन ऊर फुटेस्तोवर पळेल आणि गाडी जागच्या जागी असल्यासारखी चालेल. शिवाय पेटी लहान इंजिनाच्या बेताची. म्हणजे बसणारे, पण न जुळणारे.

तिसरा सांधा रेषेचा. डाना 18 मधून मागे जाणारा दांडा गिअरबॉक्सच्या रेषेत नसतो, एका बाजूला सरकलेला असतो. त्याला साजेशा मागच्या ॲक्सलचा डिफरन्शियलही तसाच बाजूला. आमच्या जीपचा डिफरन्शियल मधोमध. अर्थात, पुढची चाके चालवायला निघालेल्या माणसाला मागचा ॲक्सलही बदलावा लागणार.

चौथा सांधा डोळ्यांना दिसत नाही. कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात मला एक पुढचा ॲक्सल मिळाला, स्वच्छ आणि स्वस्त. मिस्त्रींनी फोनवरून सांगितल्याप्रमाणे मी एक चाकाची बाजू धरून ठेवायला लावली, दुसरी नेमकी दोनदा फिरवली आणि पिनियनवरची खडूची खूण मोजली. पिनियन पाच फेऱ्यांच्या थोडे पुढे गेले. आमच्या मागच्या ॲक्सलवर ते पाचाच्या थोडे अलीकडे थांबत होते. क्राऊनचे 43 दाते आणि पिनियनचे 8, म्हणजे 5.38; 39 आणि 8, म्हणजे 4.88. फरक दहा टक्क्यांचा. या जीपमध्ये पुढच्या-मागच्या ॲक्सलमधली ओढाताण सोसणारा मधला डिफरन्शियल नसतो. चिखलात चाके घसरून ती ओढाताण जिरवतात. कठीण रस्त्यावर ती दातांवर साचते, आणि मग काहीतरी तुटते. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र दोन्ही ॲक्सल सख्खे भाऊ वाटावेत.

या चारांखेरीज पाचवा सांधा कायद्याचा. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 52 नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा फेरफार वाहनात करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा ठामपणे उचलून धरली. उद्या त्या चढावर अपघात झाला, तर विम्याचा माणूस गाडीखाली वाकून काय पाहील, हा प्रश्न मी दादाला विचारला. गाडीत वहिनी असणार होत्या.

दादा बराच वेळ बोलला नाही. बोलले ते मिस्त्री. “इंजिनाला बसणारा गिअरबॉक्स, त्याच्या पाठीला त्याचीच पेटी, बाजूच्या डिफचा मागचा ॲक्सल, त्याच दात्यांचा पुढचा. सर, हे सगळं एका जागी कुठं मिळतं? कारखान्यातून तशीच निघालेल्या गाडीत. मग तिचे तुकडे कशाला करायचे?”

भाषेच्या अभ्यासकाला हे वाक्य नवे वाटू नये. शब्द सुटा घेतला की तो कुठेही बसतो. त्याचे जुळणे आजूबाजूच्या शब्दांनी ठरते. तरीही मान्य करायला दादाला तीन आठवडे लागले, कारण त्याच्या दृष्टीने प्रश्न दात्यांचा नव्हताच. अण्णांची जीप आपल्याला वाडीपर्यंत नेऊ शकत नाही, हे त्याला प्रथमच मोठ्याने कबूल करायचे होते.

मार्चमध्ये त्याने शेजारच्या तालुक्यातून मूळचीच चारही चाकांवर चालणारी जुनी जीप घेतली, कागदपत्रे स्वतः दोनदा तपासून. पावसाळ्यात ती वर, अंगणात उभी असेल. अण्णांची खाली डांबरीलगत राहील, जिथे ती नेहमीच राहत आली.