शिकवणीचे किती घ्यावेत?

“किती मांगू मॅडम, काही समजून नाही राहिलं.” एम.एस्सी.ला असलेली, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलं हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. मी नागपुरात श्रम-अर्थशास्त्र शिकवलं. निवृत्त झाले तरी राहायला धंतोलीतच आहे, त्यामुळे प्रश्न घरापर्यंत येतो.

धंतोलीत तो पडणं साहजिक आहे. गल्लोगल्ली दवाखाने आहेत आणि अनेक घरांत आईवडील दोघंही डॉक्टर. ओपीडी आटोपून घरी यायला रात्रीचे नऊ वाजतात, तोवर मुलांचा अभ्यास कुणी घ्यायचा? दुसरीकडे काँग्रेसनगर लागूनच आहे. शिवाजी विज्ञान आणि धनवटे नॅशनल या दोन महाविद्यालयांत गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडून आलेली आणि खोली करून राहणारी कितीतरी मुलं शिकतात. गरज आणि गरजवंत इतके जवळजवळ असताना भाव सहज ठरावा. तो ठरत नाही, कारण व्यवहार बंद दारामागे होतो. वरच्या मजल्यावरच्या सरांना किती मिळतात हे खालच्या मजल्यावरच्या ताईला कळत नाही. पालकांना मात्र मैत्रिणींकडून, नातेवाइकांकडून बरोबर कळलेलं असतं. बोलणी सुरू होण्याआधीच एक बाजू अशी आंधळी असते, म्हणून ‘बाजारभाव काय आहे’ या प्रश्नापासून सुरुवात करू नका असं मी मुलांना सांगते. आधी स्वतःचे तास मोजा.

मागच्या वर्षी गणितात एम.एस्सी. करणारा, मानेवाड्याला राहणारा एक मुलगा आला होता. नववीच्या मुलीचं गणित आणि विज्ञान, आठवड्याचे सहा दिवस, रोज दीड तास, महिन्याचे ३,००० रुपये. त्याने वहीच्या मागच्या पानावर हिशेब केलेला होता: २६ दिवस, ३९ तास, तासाला ७७ रुपये. ‘वाईट नाही’ असं त्याचं मत. मी त्याच पानावर आणखी दोन रकाने पाडायला सांगितले. जाण्यायेण्याची ४० मिनिटं. घरी बसून उद्याची उदाहरणं काढायची २० मिनिटं. म्हणजे रोजचा एक तास वाढला आणि ३९ चे ६५ झाले. पेट्रोलचे ५०० वजा केले. उरलेल्या २,५०० ला ६५ ने भागल्यावर ३८ रुपये आले. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. आठ तासांनी भागली तर ३७. पदव्युत्तर गणित शिकणारा मुलगा तासाला एका रुपयाने पुढे होता. तो बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिला.

रोजगार हमीची मजुरी कमी आहे, हे वेगळं सांगायला नको. पण तिच्यामागे निदान सरकारी आकडा उभा आहे. शिकवणाऱ्यामागे तेवढंही नाही. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येत शिक्षक ‘कामगार’ बसत नाही. १९९६ मध्ये हरियाणातल्या विनामान्यता शाळांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटलं की १९४८ चा किमान वेतन कायदाही शिक्षकांना लागू होत नाही. शिकवणं हे उदात्त कार्य, ही त्यामागची एक भूमिका. माझ्या मते या उदात्ततेची किंमत शिकवणाऱ्यांनीच मोजली. नव्या वेतन संहितेचा रोखही आस्थापनांकडे आहे, कुणाच्या दिवाणखान्याकडे नाही. म्हणजे घरी जाऊन शिकवणाऱ्या विद्यार्थ्याला खालची रेघ स्वतःच आखावी लागते.

त्या मुलाला मी ‘दुप्पट माग’ असं सांगितलं नाही. मागून मिळाले नसते आणि होतं तेही गेलं असतं. रक्कम बदलण्याआधी कामाची मांडणी बदल, एवढंच सांगितलं. नववीच्या मुलीला रोज दीड तास शिकवायची गरज नसते. मधला दिवस तिला स्वतः उदाहरणं सोडवायला मिळाला पाहिजे. दिवसाआड दोन तास धरले तर महिन्याचे १३ दिवस, शिकवण्याचे २६ तास, प्रवास आणि तयारी धरून ३९. महिन्याला ४,००० मागायचे. पेट्रोलचे २५० गेले तर तासाला सुमारे ९६ रुपये पडतात. पालकांना हजारच जास्त जातात आणि मुलीचा अभ्यास खरा होतो. रोज येणं म्हणजे चांगली शिकवणी, ही आपल्याकडची समजूत मुलांना फार महागात पडते. प्रवासाचा वेळ कुणालाच काही शिकवत नाही.

दुसरा मार्ग एकाच इमारतीतली तीन-चार मुलं एकत्र घेण्याचा. प्रत्येक घराला स्वस्त पडतं, शिकवणाऱ्याला जास्त मिळतात. मात्र वर्ग एकच हवा. सातवीचा एक आणि दहावीचे दोन एकत्र बसवले, तर ती दोन कामं झाली.

वरची मर्यादा पालकांच्या बाजूने बघावी लागते. घरी येणारा शिक्षक मिळाला नाही तर ते काय करतील? मुलीला क्लासला घालतील. त्या फीवर १८ टक्के जीएसटी, नेण्याआणण्याला माणूस, आणि मोठ्या बॅचमध्ये तिच्या शंकेला मिळणारी दोन मिनिटं. या सगळ्याशी तुलना केली की घरच्या शिकवणीचं मोल कळतं. क्लासमध्ये ‘डाउट’ सोडवायला बसणाऱ्या मुलांनी एक लक्षात ठेवावं. केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे कोचिंग केंद्रात शिकवणारा किमान पदवीधर असायला हवा. पदवी हाती नसलेल्याला नेमकं हेच कारण पुढे करून कमी पैशांत बसवलं जातं.

दोन कपाती मला अजिबात मान्य नाहीत. पहिली इंग्रजीची. मराठी माध्यमातून आलेला मुलगा सीबीएसईचं गणित उत्तम शिकवतो, पण बोलताना अडखळतो म्हणून आधीच पाचशे कमी सांगतो. समोरच्याने मागितलेही नसतात. मुलीला त्रिकोणमिती कळली की नाही, हा निकष, उच्चार नव्हे. दुसरी मुलींची. पहिली-दुसरीची मुलं ‘ताईकडे थोडा वेळ बसतात’, म्हणून तिला हजार रुपये. लहान मुलाला वाचायला शिकवणं हे शिकवण्यातलं सर्वांत अवघड काम आहे, हे प्राथमिक शिक्षकांना विचारा. त्यात ताईला अंधार पडल्यावर एकटीने परतायचं असतं. ऑटोचे पैसे तिने वेगळे मागावेत, संकोच न करता.

संकोच हा मोठाच अडसर आहे. शिक्षणासाठी वार लावून जेवणाऱ्यांचा वारसा आपल्याकडे आहे, त्यामुळे देणाऱ्यासमोर मान खाली घालायची सवय गेलेली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही सिडनॅहममध्ये प्राध्यापक होण्याआधी मुंबईत खासगी शिकवण्या केल्या होत्या. या कामात कमीपणा नाही, तसा त्याचे पैसे मागण्यातही नाही. पहिल्याच दिवशी चार गोष्टी बोलून घ्याव्यात: महिन्याची रक्कम, ती कोणत्या तारखेला, मूल गावाला गेलं तर खाडा कुणाचा, आणि पुढच्या वर्गात गेल्यावर वाढ किती. ‘डेमो’ एका दिवसापुरता ठीक. आठवडाभर फुकट शिकवून घेणारं घर पुढेही तसंच वागतं, हा माझा अनुभव आहे.

सुटीचा हिशेब विदर्भात जास्त बोचतो. उन्हामुळे आपल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. मे-जूनची शिकवणी बंद, खोलीचं भाडं मात्र चालू. म्हणून दहा महिन्यांच्या कमाईत बारा महिन्यांचा खर्च बसवूनच रक्कम ठरवावी.

आता दोन शब्द पालकांना, आणि ते मी धंतोलीची रहिवासी म्हणून लिहिते आहे. दिवाळीला आपण घरकामाच्या बाईंना एक पगार जास्त देतो, तो द्यायलाच हवा. शिकवायला येणाऱ्या मुलाच्या हाती मात्र मिठाईचा डबा देतो, आणि ऑक्टोबरचे पैसे ‘सुटीनंतर बघू’ म्हणतो. त्याला दिवाळीला गावी जायचं असतं, तिकीट काढायचं असतं. तुमच्या मुलांच्या सर्वात वयाने लहान असलेल्या सरांचे या महिन्याचे पैसे ते गावी निघण्याआधी द्या, आणि सुटी तुमच्यामुळे झाली असेल तर ते दिवस कापू नका.