पोरीने स्केटबोर्ड चालवायचा कुठे?

श्रद्धा गायकवाड हे नाव आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? पुण्याची मुलगी, वडील सुरक्षारक्षक. २०२२ साली गुजरातला झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत तिने स्केटबोर्डिंगच्या स्ट्रीट प्रकारात सुवर्णपदक मिळवलं, तेव्हा ती १६ वर्षांची होती.

तिची आठवण यायचं कारण आमच्या मजल्यावरची बारा वर्षांची पोरगी. मामाने बोर्ड दिलाय, यूट्यूब बघून शिकते. पोडियमवर गेली की सोसायटीची पाटी: खेळण्यास सक्त मनाई. परळच्या एका मॉलसमोर गुळगुळीत फरशी आहे, तिथे गेली की वॉचमन काका शिट्टी मारतात. त्यांचं काही चुकत नाही, त्यांची नोकरी आहे ती. पण अशाच एका सुरक्षारक्षकाच्या मुलीने सुवर्ण आणलंय, हे काही डोक्यातून जात नाही.

फुटपाथवर जा म्हणाल, तर तिथे पेव्हर ब्लॉक. स्केटबोर्डचं चाक जेमतेम पाच सेंटिमीटरचं आणि टणक. फटीत अडकलं की बोर्ड जागीच आणि पोरगी पुढे. नवे सिमेंटचे रस्ते मस्त झालेत, पण ते गाड्या उभ्या करायला!

तिची आई विचारते, "यातून पुढे काय? नोकरी लागते का?" हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. लालबाग-परळमध्ये खेळाचं करिअर म्हणजे कबड्डी. गिरण्यांचे, बँकांचे, रेल्वेचे, बेस्टचे संघ होते. चांगली चढाई करणाऱ्याच्या घरी पगार यायचा. स्केटबोर्डिंगमध्ये तसं नाही. इथे प्रोफेशनल म्हणजे एखादी कंपनी तुमच्या नावाचा बोर्ड बाजारात आणते. बाकी स्पॉन्सर, बक्षिसं आणि स्वतःचे व्हिडिओ. आपल्याकडे हा रस्ता अजून पायवाटच आहे. आणि "मुलगी आहे, तोंडाला लागलं तर?" हे वर आहेच.

दुसरी गोष्ट वयाची. ब्राझीलची रायसा लीआल सात वर्षांची असताना परीचा निळा ड्रेस घालून पायऱ्यांवरून उडी मारताना जगभर दिसली. टोकियो ऑलिंपिकमध्ये तिने रौप्य घेतलं, तेव्हा ती १३ वर्षांची होती. सुवर्ण घेणारी जपानची मोमिजी निशियाही १३ चीच. म्हणजे "दहावी होऊ दे, मग बघू" हे आपलं गणित इथे चालत नाही. दहावीपर्यंत गाडी निघून गेलेली असते.

म्हणून आज मुद्दा जागेचा. १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागांसाठी पालिकेला मिळणार होता. २००१ मध्ये नियम बदलला, हिशोब फक्त रिकाम्या जमिनीचा धरायचा ठरला. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो बदल मान्य केला. पुढचं आपण रोज मान वर करून बघतोच.

तरी एक जागा उरते. पुलाखाली. माटुंग्याला पुलाखाली बाग झाली की नाही? अमेरिकेत पोर्टलंडला पोरांनी १९९० मध्ये पुलाखाली स्वतः काँक्रीट ओतून स्केटपार्क केला, तो आजही आहे. वर छप्पर, म्हणजे पावसाळ्यातही सराव. लालबागच्या पुलाखाली दोन्ही बाजूंना ट्रॅफिक आहे, मान्य. मजबूत जाळी आणि सिग्नलपाशी नीट रस्ता ओलांडायची सोय, एवढं झाल्याशिवाय मीही पोरांना तिथे पाठवणार नाही. बाकी लागतं काय? गुळगुळीत कोबा, चार पायऱ्या, एक कठडा, एक लोखंडी रेलिंग. एखाद्या सुशोभीकरणाच्या दिव्यांमध्ये होईल असं काम.

एफ साउथ वॉर्डात अर्ज करतोय. लालबाग, परळ, काळाचौकीच्या ज्या पालकांना सही करायचीय त्यांनी कमेंटमध्ये फक्त बिल्डिंगचं नाव टाका, मी कागद घेऊन येतो. मुलींच्या पालकांकडे आधी येईन.